शेडचा परिणाम मोजायचा कसा? ब्रॉयलरच्या घराचा शंभर वर्षांचा इतिहास आणि माझी एक चूक

पीएचडीचा पहिला आराखडा मी सल्लागार समितीपुढे मांडला तेव्हा मला वाटलं होतं की अर्ध्या तासात सगळं आटोपेल. विषय अगदी सरळ होता: ब्रॉयलर कोंबडीची वाढ आणि तिचं जगणं-मरणं यावर शेडच्या प्रकाराचा काय परिणाम होतो? एक उघडं शेड घ्यायचं, जाळीचं आणि पडद्यांचं. दुसरं बंद शेड, पंखे आणि कुलिंग पॅडवालं, ज्याला आपल्याकडे सगळे ईसी शेड म्हणतात. दोन्हीकडे चारशे-चारशे पिल्लं सोडायची, दर आठवड्याला वजनं घ्यायची, मरतूक लिहायची आणि शेवटी टी-टेस्ट लावायची. झालं!

समितीतल्या एका सरांनी फक्त एक प्रश्न विचारला, "तुझा एन किती?"

मी म्हटलं, "आठशे, सर."

ते म्हणाले, "नाही. दोन."

त्या दिवशी मला फार राग आला होता. वसतिगृहावर येऊन मैत्रिणीजवळ सरांबद्दल काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण नंतर ग्रंथालयात बसून कोंबडीच्या घरांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. गेली शंभर वर्षं लोक "शेडमुळे असं झालं" म्हणत आलेत, आणि बऱ्याचदा त्या शेडच्या आड दुसरंच काहीतरी लपलेलं निघालंय. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा इतिहास तुमच्या कामाचा आहे. तुमचा विषय कोंबडी नसला तरीही.

पन्नास मागवली, पाचशे आली

गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या डेलावेर राज्यात, ओशन व्ह्यू नावाच्या गावी, १९२३ साली. सेसिल स्टील नावाच्या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्लांची ऑर्डर दिली होती. उबवणी केंद्राच्या चुकीने आली ५००. तिने ती परत केली नाहीत. छोटं शेड बांधून घेतलं, पिल्लं वाढवली आणि मांसासाठी विकली. त्यातली ३८७ विक्रीपर्यंत पोचली. साधारण दोन पौंडांचा पक्षी झाला होता आणि पौंडाला ६२ सेंट भाव मिळाला. पुढच्या वर्षी तिने १,००० पिल्लं मागवली. १९२६ पर्यंत तिच्याकडे १०,००० पक्ष्यांची सोय झाली होती. त्या काळातलं तिचं १६ फूट बाय १६ फुटांचं एक घर आजही जॉर्जटाउनला डेलावेर विद्यापीठाच्या केंद्रात जपून ठेवलंय. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला एवढा मान!

ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत यशोगाथा म्हणून येते. पण तुम्ही संशोधक होणार आहात, तेव्हा तीच गोष्ट आकड्यांतून वाचा. ५०० मधून ३८७ गेली की राहतात ११३. म्हणजे जवळजवळ २३ टक्के पक्षी विक्रीपर्यंत पोचलेच नाहीत. आज एखाद्या शेतकऱ्याची एवढी मरतूक झाली तर कंपनीचा सुपरवायझर दारात उभा राहील. आणि "दोन पौंड" हे वजन कुणाचं? जे उरले त्यांचं. जे मेले त्यांचं वजन त्या सरासरीत नाही. हा मुद्दा डोक्यात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता प्रश्न असा, की कोंबडी माणसाच्या घराशेजारी हजारो वर्षं आहे, मग बंद घरात शेकड्याने पक्षी वाढवायला १९२० चं दशक का उजाडावं लागलं?

दोष घराचा की खाण्याचा?

त्याआधी लोकांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. पण हिवाळ्यात पिल्लं आत कोंडली की काही आठवड्यांत त्यांचे पाय वाकायचे, ती बसून राहायची आणि मरायची. या रोगाला 'पाय लुळे पडणं' असंच नाव होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मुडदूस. शेतकऱ्यांचा निष्कर्ष अगदी स्वाभाविक होता: घर वाईट, अंगण चांगलं. ओल, काँक्रीटची जमीन, कोंदट हवा, ज्याला जे सुचेल ते कारण.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की आत कोंडलेल्या पिल्लांना कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं किंवा अतिनील किरणांखाली ठेवलं, तर पाय धड राहतात. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, मॅककॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडदूस बरा करणारा घटक अ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचं दाखवलं होतं. तेच आपलं ड जीवनसत्त्व. बाहेरची कोंबडी ते उन्हात स्वतःच्या कातडीत तयार करत होती. आतल्या कोंबडीला उजेड मिळत होता, पण खिडकीच्या काचेतून हे कामाचे किरण जवळजवळ येतच नाहीत.

म्हणजे बघा, निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. घरातली पिल्लं मरत होती आणि अंगणातली जगत होती. पण कारण भिंतीत नव्हतं, खाद्यात होतं. खाद्यात तेल घातलं आणि तेच "वाईट" घर चांगलं झालं. आपण ज्याला गोंधळवणारा घटक म्हणतो, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही. घर बदललं की त्याच्यासोबत ऊन, किडे, गवत, हालचाल असं बरंच काही बदलतं. तुम्ही रकान्यात "घराचा प्रकार" एवढंच लिहिता, पक्ष्याला मात्र ते सगळं एकदम भोगावं लागतं.

जुनी गादी, नवी गादी

दुसरा किस्सा ओहायो राज्याचा. तिथल्या कृषी प्रयोग केंद्रात डी. सी. केनार्ड आणि व्ही. डी. चेंबरलिन हे दोघं काम करायचे. त्या काळी सगळ्यांचा सल्ला एकच: जमिनीवरचं तूस, भुसा, जे काही अंथरलं असेल ते वारंवार काढा, धुवा, नवं टाका. स्वच्छता म्हणजे आरोग्य. याला कोण नाही म्हणेल?

या दोघांनी १९४० च्या दशकात उलट करून पाहिलं. गादी काढायची नाही, वरून थोडं थोडं नवं टाकायचं, हलवत राहायचं, चुना मारायचा आणि त्याच गादीवर पुढची बॅच घ्यायची. गादी वारंवार बदलण्याच्या आधीच्या काळात पिल्लांची सरासरी मरतूक १९ टक्के होती. जुनी गादी ठेवायला लागल्यावर ती ७ टक्क्यांवर आली. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आधी जवळजवळ प्रत्येक बॅचला गाठायची. ती डोकेदुखीच संपली.

असं कसं झालं? जुन्या गादीत सूक्ष्मजीवांची एक वसाहत तयार होते आणि रोगाच्या जंतूंना तिथे सहज वाढता येत नाही. शिवाय पिल्लांचा त्या जंतूंशी थोडा थोडा संबंध लवकर आला की त्यांची प्रतिकारशक्तीही तयार होते. आणखी एक गंमत त्यांना दिसली. खाद्यात प्राणिज प्रथिनं कमी असली तरी जुन्या गादीवरच्या कोंबड्यांची अंडी चांगली उबत होती. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं करण्यात आलं आणि कोडं सुटायला लागलं. गादीतले जिवाणू ते तयार करत होते आणि कोंबड्या गादी उकरून ते खात होत्या. म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये खाद्याचा दोष घरावर गेला होता, इथे घरच खाद्य झालं होतं.

आता जरा सरांच्या खुर्चीत बसा आणि या १९ आणि ७ कडे पाहा. ही तुलना आधीच्या वर्षांची आणि नंतरच्या वर्षांची आहे, शेजारी-शेजारी एकाच वेळी केलेली नाही. मधल्या काळात पिल्लांचा दर्जा सुधारला असेल, खाद्य सुधारलं असेल, माणसांचा हात बसला असेल. निष्कर्ष पुढे टिकला, कारण गादीवर इतरही काम झालं आणि तो कसा घडतो हेही कळलं. पण नुसत्या त्या दोन आकड्यांवर तुम्ही प्रबंध उभा केलात, तर व्हायव्हाला तो पहिल्या प्रश्नात कोसळेल. आणि हाच प्रयोग १९४८ नंतर झाला असता तर आणखी पंचाईत होती. त्या वर्षी सल्फाक्विनॉक्झलीन हे रक्ती हगवणीवरचं औषध थेट खाद्यातून द्यायला सुरुवात झाली. मरतूक गादीने घटवली की औषधाने, हे कुणाला सांगता आलं असतं?

जाता जाता पिंजऱ्याचंही सांगते. अंड्यांच्या कोंबड्या पिंजऱ्यात आणि ब्रॉयलर गादीवर, हे आपल्याकडे सगळीकडे दिसतं. पण अमेरिकेत १९३० च्या दशकात ब्रॉयलरही मजल्या-मजल्यांच्या पिंजऱ्यांत वाढवले जायचे. विष्ठेचा संपर्क तुटल्याने रक्ती हगवण आटोक्यात राहायची. पण जड पक्षी तारेवर बसून छातीला फोड यायचे, हाडं ठिसूळ व्हायची आणि कापलेल्या कोंबडीचा भाव पडायचा. एका घरात जगण्याचा आकडा सुधारला, पण पक्ष्याचा दर्जा घसरला. म्हणून "कोणतं घर चांगलं?" असं विचारण्याआधी "कशासाठी चांगलं?" ते ठरवा.

घर एकच ठेवलं तेव्हा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एक स्पर्धा झाली, तिचं नाव 'उद्याची कोंबडी'. ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने पैसे दिले आणि तिथल्या कृषी खात्याने साथ दिली. १९४६ मध्ये राज्य पातळी, १९४७ मध्ये विभाग आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय अंतिम फेरी. ही अंतिम फेरी कुठे झाली माहितेय? डेलावेरच्या जॉर्जटाउनलाच, जिथे आज सेसिलबाईंचं घर जपलंय.

पैदासकारांनी नुसती अंडी पाठवायची होती. ती एकाच ठिकाणी उबवली आणि पिल्लं एकाच खाद्यावर, सारख्याच घरांत १२ आठवडे वाढवली. म्हणजे घर आणि खाद्य स्थिर ठेवून फक्त वाण बदलला. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर जातींचा संकर पहिला आला. आजच्या ब्रॉयलरचा वंश शोधत गेलात तर अशाच संकरांपाशी पोचाल.

याच विचाराचा पुढचा आणि फार सुंदर प्रयोग म्हणजे हेवनस्टाइन आणि सहकाऱ्यांचा, नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९५७ च्या सुमाराचा एक वाण निवड न करता जपून ठेवलेला होता. तो आणि २००१ चा रॉस ३०८, हे दोन्ही त्यांनी १९५७ च्या धाटणीच्या आणि २००१ च्या खाद्यावर वाढवले. ४२ व्या दिवशी जुना वाण जुन्या खाद्यावर ५३९ ग्रॅम, नवा वाण नव्या खाद्यावर २,६७२ ग्रॅम. जवळपास पाचपट! वाढीतल्या या बदलाचं ८५ ते ९० टक्के श्रेय अनुवंशाला आणि १० ते १५ टक्के पोषणाला, असा त्यांचा हिशेब आहे.

हे आकडे इतक्या ठिकाणी उद्धृत होतात की वाचणारा सहज म्हणतो, "म्हणजे शेडचा वाटा शून्यच की!" मीही माझ्या आराखड्यात असंच काहीतरी लिहिलं होतं. पण नीट बघा. त्या प्रयोगात दोन्ही वाण सारख्याच वातावरणात होते. घर बदललंच नव्हतं, मग त्याचा वाटा निघणार कुठून? ज्या गोष्टीत तुम्ही फरकच ठेवला नाही, तिचा परिणाम तुमच्या विदेत दिसू शकत नाही. दिसला नाही म्हणजे तो नाही, असं होत नाही.

उलट त्याच आकड्यांतून घराचं महत्त्व वाढतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकते. ५३९ ग्रॅमची जुनी कोंबडी आणि त्याच वयाची अडीच किलोंची नवी कोंबडी, एप्रिलच्या एकाच दुपारी कुणाचा जीव आधी जाईल? वाण सुधारत गेला तसं जुनं घर त्याला अपुरं पडत गेलं. याला आपण आंतरक्रिया म्हणतो. वाण आणि घर यांची बेरीज करून भागत नाही, दोन्ही एकमेकांवर अवलंबून असतात.

घरं मोजली, कोंबड्या नाही

आता माझ्या सरांच्या "दोन" कडे येते.

२००४ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये मरियन डॉकिन्स, क्रिस्टल डॉनेली आणि ट्रेसी जोन्स यांचा शोधनिबंध आला. युरोपात तेव्हा वाद पेटला होता की ब्रॉयलर किती दाटीने ठेवावेत. यांनी प्रयोगशाळेतले छोटे कप्पे न घेता दहा मोठ्या उत्पादक कंपन्यांची खरी शेडं घेतली. ११४ शेडं, २७ लाख पक्षी. चौरस मीटरला ३० पासून ४६ किलोपर्यंत पाच पातळ्यांवर दाटी ठरवून दिली. निष्कर्ष असा, की सर्वांत जास्त दाटीत वाढ मंदावते आणि चाल बिघडते हे खरं, पण पक्ष्यांच्या कल्याणावर दाटीपेक्षा शेडमधल्या वातावरणाचा प्रभाव मोठा. तापमान, आर्द्रता, गादीचा ओलावा, अमोनिया हे सगळं त्यात आलं.

आता विचारा, यांचा एन किती? २७ लाख? नाही. पंखा बंद पडला तर तो एका कोंबडीसाठी बंद पडत नाही, अख्ख्या शेडसाठी पडतो. एका शेडमधल्या सगळ्या पक्ष्यांची हवा एक, पाणी एक, माणूस एक, रोग आला तर तोही एक. म्हणून प्रयोगाचं एकक शेड आहे. एकाच शेडमधल्या चारशे कोंबड्या चारशे वेळा तोलल्या तरी शेडच्या प्रकाराबद्दल तुम्हाला एकच उत्तर मिळतं, फक्त ते चारशे वेळा ऐकू येतं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. आपण आभासी पुनरावृत्ती म्हणू. माझ्या आराखड्यात एक उघडं शेड आणि एक ईसी शेड होतं. एन बरोबर दोन. सर बरोबर होते.

याच निबंधातून आणखी एक शिकण्यासारखं आहे. दाटी संशोधकांनी ठरवून दिली होती, त्यामुळे तिच्याबद्दल "यामुळे हे झालं" असं म्हणता येतं. पण कोणत्या कंपनीचं शेड किती चांगलं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ज्यांचं वातावरण चांगलं, त्यांचे कामगारही कदाचित जास्त तरबेज असतील. एकाच निबंधातली दोन वाक्यं पुराव्याच्या दोन वेगळ्या पायऱ्यांवर असू शकतात. वाचताना पेन्सिलीने तशी खूण करायची सवय लावा.

पुढे २००७ मध्ये युरोपीय संघाने ब्रॉयलरसाठी नियम केले. मूळ मर्यादा चौरस मीटरला ३३ किलो. अटी पाळल्या तर ३९ आणि आणखी अटींवर ४२. अटी कसल्या? पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया २० पीपीएमच्या वर नको, कार्बन डायऑक्साइड ३,००० पीपीएमच्या वर नको. बाहेर सावलीत ३० अंशांच्या वर गेलं, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३ अंशांहून जास्त चढायला नको. म्हणजे शेडचा आकार किंवा नाव बघण्यापेक्षा, जास्त पक्षी ठेवायचे असतील तर आतली हवा मोजून दाखवा, असा या अटींचा रोख आहे.

पण हा शेवटचा नियम जसाच्या तसा उचलून विदर्भात आणा. मे महिन्यात बाहेर ४४ अंश. आत ४७ पर्यंत चालेल? पक्षी शिल्लकच राहणार नाहीत. नियम चुकीचा नाही, तो तिथल्या हवेसाठी लिहिलेला आहे. परदेशी निबंधातला आकडा आपल्या गृहीतकात टाकण्याआधी तो कोणत्या हवेत जन्मला ते बघायचं, हे मी इथे शिकले.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे कॉबसारखे परदेशी वाण इथे आले. वाण परदेशी, पण घर इथलंच राहिलं. पूर्व-पश्चिम लांब शेड, म्हणजे ऊन आत शिरत नाही. बाजूला फूट-दीड फूट भिंत आणि वर जाळी. खाली भाताचं तूस. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट, बाजूला ओलं गोणपाट, वर फॉगर. पक्ष्याला एक चौरस फूट हा सगळ्यांना पाठ असलेला हिशेब. हे उघडं शेड म्हणजे मागासलेपणा नव्हे. वीज बेभरवशाची, हिवाळा सौम्य आणि भांडवल थोडं असताना काढलेलं ते शहाणं उत्तर होतं.

आता करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्यांपुढे ईसी शेडचा पर्याय आहे. एका टोकाला कुलिंग पॅड, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे, मधून बोगद्यासारखा वारा. नाशिक जिल्ह्यातल्या माझ्या मामाचं उघडं शेड आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी वीज गेली, वारा पडला आणि फॉगर बंद झाले. दोन दिवसांनी पक्षी उचलायला गाडी येणार होती. संध्याकाळपर्यंत मामा आणि मामी मेलेले पक्षी गोणीत भरत होते. करारात पैसे किलोवर मिळतात, मेलेल्या पक्ष्याचे नाही. तेव्हापासून मामा मला दर सुट्टीत विचारतो, "अगं, एवढं शिकतेस, तर सांग ना, कर्ज काढून ईसी घालू का?"

माझा पहिला आराखडा मामाला काय उत्तर देऊ शकला असता? काहीच नाही. कारण:

पहिलं, ईसी शेड असलेले शेतकरी आणि उघड्या शेडवाले शेतकरी मुळातच वेगळे असतात. ज्याला कर्ज मिळालं, त्याच्याकडे जनरेटरही असतो आणि पगारी माणूसही. फरक शेडचा की शेतकऱ्याचा?

दुसरं, कुलिंग पॅडचं काम पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतं. विदर्भातल्या कोरड्या हवेत ते तापमान चांगलंच उतरवतं. कोकणातल्या दमट हवेत तेच पॅड तेवढं उतरवू शकत नाही, तिथे वाऱ्याचा वेग जास्त कामाला येतो. "ईसी शेडचा परिणाम" असा एकच आकडा अख्ख्या महाराष्ट्रासाठी काढणं हीच चूक.

तिसरं, सरासरी. समजा, आकडे केवळ उदाहरणासाठी, एका शेडची पाच बॅचची मरतूक ६, ५, ७, ६, ६ टक्के आणि दुसऱ्याची ३, ३, ३, ३, १८ टक्के. दोन्हींची सरासरी ६. पण दुसरा शेतकरी चार बॅच हसतो आणि पाचवीला बसतो. बंद शेडमध्ये वीज गेली आणि जनरेटर वेळेत चालू झाला नाही, तर हवा खेळायला जागाच नसते आणि थोड्या वेळात सगळंच संपतं. कर्ज फेडणाऱ्याला सरासरीपेक्षा तो १८ चा आकडा जास्त महत्त्वाचा असतो. मग तो आपल्या प्रबंधात का नसावा?

चौथं, सेसिलबाईंची ती ३८७ कोंबडी. वजन फक्त जगलेल्यांचं घेतलं जातं. पहिल्या आठवड्यात अशक्त पिल्लं मेली तर उरलेल्यांची सरासरी आपोआप वाढते. शेवटच्या आठवड्यात उकाड्याने मोठे पक्षी गेले तर ती घटते. म्हणून वाढ आणि मरतूक वेगवेगळ्या प्रकरणांत मांडायची नसतात. उद्योगात वापरतात तो उत्पादन निर्देशांक म्हणूनच दोन्ही एकत्र धरतो: जगलेल्यांची टक्केवारी गुणिले किलोतलं वजन, भागिले दिवस आणि खाद्य रूपांतर यांचा गुणाकार, गुणिले शंभर. ९५ टक्के जगले, वजन २ किलो, दिवस ४०, एफसीआर १.७, तर उत्तर साधारण २७९. कामाचा आकडा आहे. पण तो पक्षी कोणत्या दिवशी मेले ते सांगत नाही, म्हणून रोजची नोंद हवीच.

माझा आराखडा आता बदललाय. एकक शेड आहे. जवळच्या गावांतली उघडी आणि ईसी शेडं जोडीने घेतलीत. एकाच उबवणीची पिल्लं दोन्हीकडे वाटून जातात, खाद्य एकाच गिरणीचं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही ऋतू. तापमान-आर्द्रता मोजणारी यंत्रं पक्ष्याच्या उंचीवर टांगलेली, माणसाच्या नाही. मरतूक सकाळ-संध्याकाळ, आणि वीज गेल्याची वेळसुद्धा वहीत. शेडं कुणाला कोणती द्यायची हे मी ठरवू शकत नाही, म्हणून निष्कर्षात "यामुळे" हा शब्द मी जपून वापरणार आहे. पक्ष्यांची संख्या प्रचंड वाढली तरी एन अजून दोन अंकीच आहे. त्याचं आता वाईट वाटत नाही.

मामाला मागच्या सुट्टीत एवढंच सांगितलं, की अजून थांब. कर्ज काढलंसच, तर आधी जनरेटरचं बघ, पॅडचं नंतर. तो म्हणाला, "एवढं तर मलाही कळत होतं." खरंय. पण किती शेतकऱ्यांना, कोणत्या हवेत आणि किती वेळा हे लागू पडतं, ते त्याला कळणं शक्य नाही. ते शोधून काढणं हे माझं काम आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला कुठलाही एक आवडता शोधनिबंध काढा. उपचार नेमका कशाला दिला होता, कोंबडीला की शेडला, विद्यार्थ्याला की वर्गाला, रोपाला की वाफ्याला, ते शोधा आणि खरा एन लिहून काढा. मग तुमची सिनॉप्सिस उघडा आणि तेच करा. समितीतल्या सरांनी विचारण्याआधी.